सवचा मग

लग्न ठरलेल्या मुलीला नवऱ्या मुलाने काय द्यावं याची साधी रीत असते. साडी द्यावी, घड्याळ द्यावं, फारच हौस असली तर मोबाईल घेऊन द्यावा. तुडीलचा यशराज द्यायचा मग. चहाचे, कानवाले, चांगले दणकट मग, आणि प्रत्येकावर आपल्याच मुलखातल्या कुठल्यातरी ठिकाणाचं चित्र. पोरगा महाडच्या एमआयडीसीत कामाला. सुट्टी मिळाली की मोटारसायकल काढायची, भटकायचं आणि जिथे जाईल तिथून मग उचलून आणायचा, हा त्याचा नाद. रायगडाचा झाला, प्रतापगडाचा झाला, गांधारपाल्याच्या लेण्यांचा झाला. साखरपुडा झाल्यापासून तो प्रत्येक ठिकाणचे दोन मग घ्यायला लागला होता, एक स्वतःच्या शोकेसात ठेवायला आणि एक श्रुतिकाला. लग्नानंतर जोड्या लागतील, असं त्याचं म्हणणं.

आंबेनळीचा रस्ता सोडून वर चढत गेलं की जी वाडी लागते, तिथे श्रुतिकाच्या आईच्या, रखमाच्या, मांडणीवर हे मग येऊन बसत होते. वाडीने सुरुवातीला पोटभर हसून घेतलं. रखमाचा नवरा मुरारी मात्र खूश होता. कपभर चहाने त्याचं कधी भागलं नाही, आणि मगात दोन कप आरामात मावतात. सकाळी रायगडाचा मग घेऊन तो पडवीत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की आत्ताच गड उतरून आलोय, पाय भरून आलेत. रखमा वरवर त्याच्यावर डाफरायची, पण आतून तिलाही बरं वाटायचं. तुडीलचं घर म्हणजे नदीकाठची जमीन, स्लॅबचं घर, खाऊनपिऊन सुखी माणसं. आपण डोंगरातली. अशा घरातला मुलगा आपल्या पोरीची आठवण काढून काहीतरी पाठवतो, याचं कौतुक वाटणारच की.

मग आला सवचा मग, आणि सगळं कौतुक संपलं.

रविवार होता. पोलादपूरच्या पतपेढीत नोकरी करणारी श्रुतिका त्या दिवशी घरी होती. तिने खोका उघडला, मग बाहेर काढला आणि आईच्या हातात दिला. खाली छापलं होतं, सव, गरम पाण्याचे झरे. वर पहाटेचं कुंड, पाण्यावरून उठणारी वाफ, आणि त्या वाफेत कमरेएवढ्या पाण्यात बसलेली एक बाई. पाठमोरी. ओली साडी कमरेशी, केस खांद्यावरून पुढे घेतलेले, पाठ उघडी. आणि डाव्या खांद्याच्या खाली पांढरा डाग.

रखमा चुलीपुढे मटकन बसली ती बसलीच. श्रुतिका आपली मग फिरवून फिरवून बघत होती. काय सुंदर फोटो काढलाय, म्हणाली, ऊन बघ कसं नेमकं पाठीवर पडलंय. पोरीला ते ऊन वाटलं. रखमाला माहीत होतं ते काय आहे. ती बाई म्हणजे आपणच, याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

झालं होतं असं, की दोन-तीन वर्षांमागे रखमाला ताप आला होता. पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली आणि डाव्या खांद्याखाली बोटाने वाटोळं काढून म्हणाल्या, इथे पांढरा डाग दिसतोय, कोडाची सुरुवात असू शकते, महिन्याने परत दाखवायला या. रखमाने त्यातला एकच शब्द ऐकला. ती परत गेली नाही. मुरारीला बोलली नाही, पोरीला बोलली नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला श्रुतिका तेल लावायला बसली की हात पुढे करायची आणि पाठ माझी मी बघते म्हणायची. उन्हाळ्यातसुद्धा गळाबंद ब्लाऊज. मुरारीने एकदा विचारलं, अगो उकडत नाय का तुला? त्यावर ती अशी काही खेकसली की बिचाऱ्याने परत विषय काढला नाही.

आता कोड म्हणजे काय हो? दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरीणबाई हेच सांगत होत्या. पण सोयरीक जुळवायला डॉक्टरीणबाई येणार आहेत का? आईच्या अंगावर कोड आहे एवढं कानावर गेलं की पोरीला बघायला आलेली माणसं चहाला हात न लावता उठतात. रखमाच्या माहेरी सारिका होती, तिच्या चुलतभावाची लेक. देखणी, शिकलेली. तिच्या आईच्या पायावर डाग निघाला आणि ठरलेलं लग्न हळदीच्या तोंडावर मोडलं. ती अजून घरातच आहे, आता तिला कोणी विचारतही नाही. रखमाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून तर ती गप्प राहिली होती.

सवचं पाणी कातडीला चांगलं, असं तिने लहानपणापासून ऐकलेलं. मग गुडघे दुखतात असं सांगून ती अधूनमधून महाडला बहिणीकडे, काशीबाईकडे, वस्तीला जायची. पहाटे काशीबाई उठायच्या आत रिक्षा करून सवला. अंधारात कुंडात उतरायचं, आजूबाजूला कोणी नाही बघून पाठ पाण्याला द्यायची, आणि उजाडता उजाडता परत. कोणी म्हणता कोणी पाहिलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

डाग कसा दिसतो, केवढा झाला, वाढला की आटला, हे तिला ठाऊक नव्हतं. स्वतःची पाठ कोण बघतं? घरात आरसा तो एक, खांबाला ठोकलेला, हाताच्या पंजाएवढा. त्यात कुंकू लावायचं तर कपाळ दिसायचं, कपाळ बघायला गेलं तर नाक दिसायचं नाही. श्रुतिकाच्या मोबाईलमध्ये फोटो काढता आला असता, पण काढणार कोण, श्रुतिकाच ना! आज तिने आपली पाठ पहिल्यांदा बघितली, ती अशी, चहाच्या मगावर. आणि डॉक्टरीणबाईंनी बोट फिरवलं होतं, डाग नेमका तिथेच होता.

मेल्या फोटोवाल्याला दुसरी जागा मिळाली नाही! एवढा रायगड पडलाय, एवढी सावित्री वाहतेय, आणि हा पहाटे उठून बायकांच्या पाठी टिपत बसला. रखमाने त्याला वाडीत चालतात तेवढ्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात दिल्या. दुपारी श्रुतिका झोपली तशी ती मग घेऊन मोरीवर गेली. राख आणि काथ्याने घासला. चित्र हललं नाही. मग धुण्याच्या दगडावर घासला. वरची चकाकी गेली, वाफ खरवडली गेली, कुंडाचा कठडा गेला, पण पाठ आणि डाग होता तिथेच. संध्याकाळी श्रुतिकाने बघितलं तर तिचे डोळेच पांढरे झाले. आये, त्यांनी एवढ्या हौसेने दिला, त्याची काय दशा केलीस, म्हणून ती रडकुंडीला आली. रखमा म्हणाली, करपलेलं दूध होतं, निघत नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून तिला स्वतःचाच राग आला, पण सांगणार काय?

रात्रभर एकच विचार. एक मग आपल्या घरी आला, तर जोडीचा दुसरा तुडीलला शोकेसात आहे. काचेमागे, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. आणि दुकानात? दुकानात तर ढिगाने असतील. लोक महाबळेश्वराला जाता जाता गाडी थांबवणार, आपल्या पाठीत चहा ओतून पिणार, मुंबईला घेऊन जाणार. वाडीतली निम्मी पोरं मुंबईला. एखाद्याने आणला आणि प्रयागबाईच्या हातात दिला तर? शेजारच्या प्रयागबाईची नजर घारीची, आणि यशराजचं स्थळ आधी तिच्या पुतणीला सांगून आलेलं. तिने एकदा मग उन्हात धरून बघितला की खलास.

दोन दिवसांनी रखमा महाडला गेली. हायवेच्या कडेला हैबतीचं दुकान आहे, काजू, कोकम सरबत, लाकडी खेळणी आणि भिंतभर मग. सवचा मग यशराज तिथूनच घेतो हे श्रुतिकाच्या बोलण्यात आलेलं. रखमाने आपलं सहज बघतेय असं दाखवून एक एक मग उलटासुलटा केला. गड होते, घाट होता, शिवथरघळ होती. सवचे मग खालच्या फळीवर सापडले. तिने होते नव्हते तेवढे सगळे काढले. भाजीची पिशवी, वाणसामानाचे पैसे, सगळं त्यात गेलं.

हैबती मग कागदात गुंडाळता गुंडाळता हसत म्हणाला, "मावशी, सवमध्ये काय आहे एवढं? बाकी मग पडून राहतात, हा आला की जातो. तुमच्यासारखीच एक बाई येते रिक्षाने, तोंडाला पदर लावून. असतील तेवढे उचलते आणि जाते."

कसली बाई, कुठली बाई, रखमाने विचारलं. हैबतीला नाव-गाव काही सांगता येईना. बरी चांगल्या घरची दिसते, म्हणाला, घासाघीस करत नाही.

म्हणजे कोणीतरी गोळा करतंय. एक घेणारा हौसेने घेईल, पण असतील तेवढे उचलणारी बाई काय हौसेने उचलते? तिला कळलंय. तिने पाठ ओळखली आहे आणि ती पुरावा साठवतेय. हळदीच्या दिवशी भर मांडवात एकेक पाहुण्याच्या हातात एकेक मग द्यायचा आणि म्हणायचं, बघा ही नवरीची आई. एसटीत बसून पोलादपूर येईपर्यंत रखमाने त्या बाईला प्रयागबाईचं तोंड देऊन टाकलं होतं. प्रयागबाई रिक्षाने फिरणाऱ्यांपैकी नाही, एवढं तरी सुचायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला कुठलं काय सुचतं!

एवढे चांगले मग फोडायला तिचा हात धजेना. आणले ते तिने भाताच्या कणगीत खोल पुरले. पुढच्याच आठवड्यात मुरारी गिरणीला भात काढायला गेला आणि माप घालताच खण्ण आवाज आला. भातातून मग निघाला. हात घालतो तर दुसरा निघाला. तो मग हातात घेऊन बायकोकडे असा बघत राहिला की जणू शेतात मगाचं पीक आलंय. रखमा म्हणाली, लग्नात पाव्हण्यांना लागतील, आतापासून जमवतेय. मुरारी म्हणाला, मग सगळे एकाच चित्राचे कशाला गो? रायगडाचे आणायचे. यावर रखमा रडायलाच लागली, आणि मुरारीने मुकाट्याने मग परत भातात पुरून टाकले. लग्नघरातल्या बायका अशाच वागतात, असं त्याने स्वतःला समजावलं.

आणि मग तुडीलहून बोलावणं आलं. मानपान ठरवायचं, घर बघून घ्यायचं, दोन घास खाऊन जायचं. न जाऊन चालणार नव्हतं. शोकेसातला तो मग कसंही करून पाडायचा, एवढं ठरवूनच रखमा गाडीत बसली. पदर अडकल्यासारखं करायचं, कोपर लावायचं, काहीही करायचं. पोरीच्या लग्नासाठी माणूस काय काय करतं, त्यात एक मग फोडणं म्हणजे काहीच नाही.

तुडीलला स्वागत चांगलं झालं. यशराजचे वडील मालोजीराव मुरारीला घेऊन पुढच्या ओटीवर बसले, भातशेतीच्या गप्पा निघाल्या. यशराजची आई बनुबाई हसून बोलत होती, पण हसताना तिचा एक हात सारखा मानेशी जात होता. ब्लाऊज गळाबंद. रखमाला ते दिसलं आणि दिसूनही दिसलं नाही, कारण तिचा जीव शोकेसात अडकला होता.

यशराजने स्वतःहून तिला शोकेस दाखवली. भिंतभर काच, आत दिवे लावलेले, आणि मगांच्या रांगा. हा कुठून आणला, हा कधी मिळाला, ह्याच्यासाठी कसा भिजलो, सगळं तो रंगून सांगत होता. रखमाची नजर एकेका रांगेवरून धावत होती. सवचा मग नव्हता. तिने परत बघितलं. खरंच नव्हता. मधल्या रांगेत एक जागा मात्र रिकामी होती.

"तिथे सवचा होता," यशराज म्हणाला. "पण तो आमच्याकडे टिकतच नाही मावशी. आणला की आठवड्यात फुटतो. पुसायला काढला की आईच्या हातून नेमका तोच निसटतो." मग तो हसला आणि म्हणाला की आज खास तुमच्यासाठी परत आणलाय, तुम्ही त्यातच चहा प्यायचा, आत आईकडे दिलाय.

आपल्या पाठीत आपणच चहा प्यायचा, तोही विहिणीसमोर बसून. रखमा म्हणाली, मी जरा विहीणबाईंना हातभार लावते, आणि उठली. आत मग दिसला की हातात घ्यायचा आणि टाकायचा, बस.

स्वयंपाकघराच्या दारात ती पोचली आणि जागच्या जागी थिजली. बनुबाई ओट्यापाशी उभी होती. गॅसवर चहा उकळत होता. तिने सवचा मग पंच्यात नीट गुंडाळला, कडा दुमडून घेतल्या, खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि आवाज होणार नाही अशा बेताने त्या गाठोड्यावर हाणला. एकदा हाणला, मग परत हाणला. निसटला वगैरे काही नाही. चांगला ठरवून, सवयीच्या हाताने फोडला. मग ओट्याखालचा डबा ओढला, त्यात तुकडे ओतले. डब्यात आधीचे तुकडे होते, किती मगांचे कोण जाणे. वरच्या एका तुकड्यावर वाफ होती आणि उघड्या पाठीचा अर्धा भाग.

ती रिक्षातली बाई ही होती तर. प्रयागबाई नाही, कोणी नाही, खुद्द विहीण. हिने ओळखलंय. हिला कळल्यापासून हिला आपल्या पाठीची एवढी किळस आलीय की ती घरात टिकू देत नाही. आणि आज घरी बोलावलंय ते मानपानासाठी नाहीच, तोंडावर नाही म्हणण्यासाठी. रखमाच्या डोळ्यांपुढे सारिका उभी राहिली.

बनुबाईने मान वळवली. दोघींची नजरानजर झाली. बनुबाईचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

रखमाने हात जोडले. "माझ्या पोरीचा यात काय दोष नाय," ती म्हणाली. "हाय ते माझ्या अंगावर हाय. पोरीचं अंग निर्मळ हाय, पायजे तर डॉक्टरला दाखवा. पण लग्न मोडू नका."

हातातला बत्ता बनुबाईने ओट्यावर ठेवला, तो घरंगळला तरी तिचं लक्ष नव्हतं. चहा उतू जाऊन गॅस विझला तेव्हा कुठे ती हलली, आणि आधी तिने दार लावून घेतलं.

"तुमच्या मुलीचं काय?" ती हळू म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मला ओळखलंत. फोटोतली बाई मी आहे."

रखमाला शब्द ऐकू आले, पण डोक्यात काही शिरेना. तुम्ही कशा असाल, ती तर मी आहे, असं काहीतरी ती पुटपुटली. बनुबाईने जास्त बोलण्यात वेळ घालवला नाही. ती पाठमोरी झाली, पदर सोडला, ब्लाऊजचे हूक काढले आणि डावा खांदा उघडा केला. तोच डाग. पिठाचा हात लागून उमटावा तसा, खाली निमुळता. मगावर होता अगदी तसाच. दगडावर घासूनही न गेलेला तो डाग रखमा कुठेही ओळखू शकली असती, आणि आता तो तिच्या समोर होता, दुसऱ्याच बाईच्या पाठीवर. रखमाने तोंडावर हात ठेवला.

मग बनुबाईने खालच्या आवाजात सांगितलं ते असं, की यशराज शाळेत होता तेव्हापासून हे आहे. मालोजीरावांना माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही, यशराजलासुद्धा नाही. सवला ती कित्येक वर्षं जाते. पोराने हौसेने मग आणून टेबलावर ठेवला तेव्हा तिच्या हातातलं ताट पडलं होतं. तेव्हापासून दिसेल तिथून ती ते मग उचलते आणि फोडते. पोरगा परत आणतो, ती परत फोडते. पोराला बोलायची सोय नाही. श्रुतिकासाठी एक पाठवलाय हे उशिरा कळलं, त्या दिवसापासून तिला झोप नाही. रोज वाटायचं, आज वाडीतून निरोप येईल की आम्हाला मुलगी द्यायची नाही.

"खरं सांगा," बनुबाई म्हणाली, "तुम्हाला आधी कळलं असतं तर दिली असतीत मुलगी?"

रखमाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची तिलाच भीती वाटली. कारण उत्तर सरळ होतं. नसती दिली. सासूच्या अंगावर कोड, उद्या नवऱ्याच्या निघालं, परवा नातवंडांच्या, असं म्हणून तिनेच नकार कळवला असता, आणि वाडीत चार घरी सांगितलंही असतं. सारिकाच्या दारातून उठून गेलेल्या माणसांना ती एवढी वर्षं शिव्या घालत होती, आणि ती माणसं म्हणजे आपणच. तिला हा धक्का मगाच्या धक्क्यापेक्षा मोठा बसला. बनुबाईने तिच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं आणि खाली बघत ब्लाऊज वर ओढला.

रखमा वळली, खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि तिने आपल्या गळाबंद ब्लाऊजचे हूक काढायला घेतले.

"आता माझी बघा," ती म्हणाली. "आणि कसा हाय तो सांगा मला. मी अजून बघितलेला नाय."

मागे बनुबाई जवळ आली. तिचा थंड हात पाठीला लागला. डॉक्टरीणबाईंनंतर त्या जागेला हात लागला तो आजच. रखमाने डोळे मिटून घेतले. हात डाव्या खांद्याखाली फिरला, मग उजव्या, मग मणक्यावरून खाली कमरेपर्यंत गेला. बनुबाईने तिला खांद्याला धरून उजेडाकडे आणखी वळवलं. पदराने पाठ पुसली. परत बघितलं. बाहेर मालोजीराव मोठ्याने हसत होते.

"इथे काही नाही," बनुबाई म्हणाली.

"डाव्या खांद्याखाली," रखमा म्हणाली.

"पाहिलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. तीळसुद्धा नाही. साधं शिबं असेल, घामाने पडतं तसलं पांढरं, गेलं असेल केव्हाच."

केव्हाच. रखमाला आधी ते कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिने खिडकीचा गज धरला. त्या दिवाळ्या, ती पहाटेची अंधारातली वाट, काशीबाईला मारलेल्या थापा, ते उकाड्यातले ब्लाऊज, मुरारीवर केलेली खेकसणी, सगळं एका शब्दापायी, आणि तो शब्दही खरा नव्हता. मग तिला हसू यायला लागलं. आतून, पोटातून, आवरेना असं. आपण सुटलो. पोर सुटली. आपल्या अंगावर काही नाही, कधी नव्हतं, आता कोण काय म्हणेल!

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की पाठीवरचा हात निघून गेलाय.

ती वळली. बनुबाई ओट्याला टेकून उभी होती. मघाशी जीव मोकळा करून बोलणारी ती बाई आता गळ्यापाशी ब्लाऊज घट्ट धरून उभी होती, आणि रखमाकडे बघत नव्हती. मघाशी खोलीत दोघी होत्या. आता परत एकटी होती ती, आणि तिचं गुपित मात्र दुसऱ्याच्या हातात गेलेलं. दाराबाहेर तिचा मुलगा चहाची वाट बघत होता.

रखमाचं हसू जागच्या जागी विरलं. एकटीने हे अंगावर वागवणं म्हणजे काय, हे तिला विचारा. ती परत खिडकीकडे वळली. पाठ तशीच उघडी ठेवली.

"उजेड कमी हाय," ती म्हणाली. "नीट बघा विहीणबाई. असंल तिथंच."

"नाही हो, खरंच काही..."

"नीट बघा."

मग तो थंड हात परत आला. डाव्या खांद्याच्या खाली, जिथे काहीच नव्हतं तिथे, बनुबाईने बोटाने हळूच एक वाटोळं काढलं.

"आहे," ती म्हणाली. "माझ्यासारखाच आहे."

रखमाने हूक लावले. बनुबाईने गॅस पुसून पुन्हा चहा टाकला आणि दोघींनी मिळून साध्या कपांत गाळला. रखमा ट्रे घेऊन बाहेर आली तसा यशराज म्हणाला, परत फुटला ना सवचा, मला वाटलंच होतं.

"माझ्या हातनं फुटला," रखमा म्हणाली, आणि तिने पहिला कप त्यालाच दिला.